पापे अनेक, पाप एक : ख्रिस्ती अंतःसंघर्ष वाचताना

पंडिता रमाबाई शिकवताना मी बरीच वर्षे एका ठरावीक वाटेने जात असे. अनंतशास्त्री डोंगरे यांची संस्कृत शिकलेली मुलगी, दुष्काळात आईवडिलांचा मृत्यू, कोलकात्यात मिळालेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झालेला बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईत उघडलेले शारदा सदन आणि पुढे केडगावचे मुक्ती मिशन. विद्यार्थी टिपणे काढत, परीक्षेत तीच उतरवत, आणि माझाही विषय शिकवून होत असे.

दोन वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात मी रमाबाईंच्या १९०७ सालच्या इंग्रजी आत्मनिवेदनाचा गोषवारा सांगत होते. त्यात त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या लक्षात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. हे वाक्य मी नेहमीप्रमाणे सांगून पुढे जाणार, तोच साष्टीतल्या एका कॅथलिक घरातून आलेल्या विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, मधल्या आठ वर्षांत रमाबाईंचं आत काय चाललं होतं?”

माझ्याकडे उत्तर होते, पण ते बाहेरचे होते. धर्मांतरामुळे उठलेले वादळ, सनातन्यांचा रोष, मिशनरी भगिनींशी झालेले मतभेद, हे सगळे मी सांगितले. मुलगी ऐकत होती. मी संपवल्यावर ती एवढेच म्हणाली, “ते बाहेर चाललं होतं.”

ख्रिस्ती मराठी साहित्य आपण समाजेतिहास म्हणून शिकवतो. त्यातला माणूस स्वतःशी कशासाठी झगडतो, हा प्रश्न आपण बहुधा बाजूला ठेवतो. मी ख्रिस्ती नाही. पण त्या प्रश्नामुळे मला जुनी पुस्तके नव्याने वाचावी लागली आणि त्या वाचनात माझे स्वतःचे एक जुने प्रकरणही वर आले. या लेखात मी एकच गोष्ट समजावून सांगण्याचा प्रयत्न करणार आहे : ख्रिस्ती विचारात पापाशी चाललेला झगडा हा कृपा न मिळाल्याचा पुरावा मानला जात नाही. हा झगडा बहुतेकदा कृपा मिळाल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू होतो. हे एक सूत्र हाती आले की रमाबाईंची आठ वर्षे कळू लागतात.

‘पाप’ या शब्दाचा हिशेब

अडचण आपल्या शब्दापासूनच सुरू होते. मराठीत पाप घडते, पाप पदरी पडते, पाप फेडावे लागते, पाप धुतले जाते, पापाचा घडा भरतो आणि पापाला वाटेकरी असतो. या सगळ्या वाक्प्रचारांत पाप ही मोजता येणारी वस्तू आहे. ती साठते, वाटली जाते, कमी करता येते. म्हणून आपण सहज ‘पापे’ असे अनेकवचन करतो. एकेक कृत्य वेगळे आणि त्याचा एकेक हिशेब वेगळा.

नव्या करारात पापासाठी आलेला ग्रीक शब्द आहे ‘हामार्तिया’. त्याचा मुळातला अर्थ नेम चुकणे. बाण सुटला, पण लक्ष्यावर बसला नाही. प्रेषित पौल हा शब्द अनेकवचनातही वापरतो. पण ‘रोमकरांस पत्र’ या आपल्या मोठ्या पत्रात तो पुन्हा पुन्हा एकवचनच वापरतो, आणि तेथे पाप ही वस्तू राहत नाही. ते राज्य करते, गुलाम करते, मजुरी म्हणून मरण देते, माणसाच्या आत बिऱ्हाड करते. चुकलेला एकेक बाण म्हणजे पापे. हातालाच लागलेली वाकडी सवय म्हणजे पाप. बाण मोजता येतात. हात कसा मोजणार?

गोव्यात या शब्दाची आणखी एक गंमत आहे. मराठी बायबलमध्ये ‘पाप’ हा शब्द रूढ आहे. गोव्यातल्या कॅथलिकांच्या कोकणी प्रार्थनांत मात्र ‘पातक’ आणि ‘पातकी’ हे शब्द आहेत. संस्कृत ‘पत्’ म्हणजे पडणे. जे माणसाला खाली पाडते ते पातक. शेजारच्या घरातून संध्याकाळी ‘तेर्स’ ऐकू येते तेव्हा त्यात हा शब्द असतो, तसाच ‘कुर्पा’ हाही असतो. ‘कृपा’ या शब्दाचे हे कोकणी रूप. पापाची कबुली देण्याच्या विधीला मात्र ‘कुमसार’ हा पोर्तुगीजवरून आलेला शब्द आहे. म्हणजे पडणे आणि उचलले जाणे यांचे शब्द भूमीतले राहिले आणि कबुलीच्या विधीचा शब्द तेवढा समुद्रापलीकडून आला.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे सगळे ओळखले होते. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या काव्याच्या पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती आणि आदिमानवाचे पतन येते, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायला स्टीफन्स कचरले नाहीत. शब्द इथलेच घ्यायचे आणि कथेच्या जोरावर त्यांचा अर्थ हळूहळू वळवायचा, ही त्यांची रीत. मात्र शब्द घेतला की त्याच्यामागचे वाक्प्रचारही येतात. ‘पाप’ म्हटले की आपला वाचक हिशेबाची वही उघडतो, आणि ख्रिस्ती संघर्ष त्या वहीत मावत नाही.

पौलाची तक्रार

‘रोमकरांस पत्र’ हे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे. त्याचा सातवा अध्याय हा या संघर्षाचा मूळ पाठ आहे. पौल तेथे प्रथमपुरुषी एकवचनात बोलतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : चांगले काय हे मला कळते, ते मला पटतेही, ते करावे अशी माझी इच्छाही आहे, आणि तरी हातून होते ते नेमके उलटे. त्याला दोन नियम दिसतात. एक मनाला रुचणारा देवाचा नियम आणि दुसरा अवयवांत दबा धरून बसलेला. या दोहोंच्या लढाईत आपण कैदी झालो आहोत असे त्याला वाटते, आणि शेवटी तो सुटकेसाठी आरोळी मारतो. त्याच्या पाठोपाठ लगेच आभाराचा उद्गार येतो, आणि आठव्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात तो सांगतो की जे ख्रिस्तामध्ये आहेत त्यांच्यावर आता दोषारोप उरलेला नाही.

ही अवस्था मराठी वाचकाला परकी नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन श्रीकृष्णाला जवळजवळ हेच विचारतो : इच्छा नसतानाही, कोणीतरी बळेच जुंपल्यासारखा माणूस पाप का करतो? श्रीकृष्ण काम आणि क्रोध यांची नावे घेतो, आणि ज्ञानेश्वरांनी त्यावर विस्ताराने ओव्या लिहिल्या आहेत. दुर्योधनाच्या तोंडी घातलेला एक प्रसिद्ध श्लोकही आहे. धर्म मला कळतो, पण त्याकडे प्रवृत्ती होत नाही. अधर्मही कळतो, पण त्यापासून निवृत्ती होत नाही, असा त्याचा भाव.

पण दुर्योधनाच्या श्लोकाचा उत्तरार्ध पाहावा. हृदयात बसलेला कोणी देव मला जसे करायला लावतो तसे मी करतो, असे म्हणून तो मोकळा होतो. पौलही म्हणतो की हे मी करत नाही, माझ्यात राहणारे पाप करते. वरवर पाहता दोघांनी दोष दुसऱ्यावर ढकलला असे वाटेल. फरक शेवटात आहे. दुर्योधनाचे वाक्य तेथेच संपते, त्याला सुटका नकोच आहे. पौलाचे वाक्य आरोळीत संपते, कारण आत बिऱ्हाड केलेल्या त्या भाडेकरूला त्याने घरमालक मानलेले नाही. झगडा आहे याचाच अर्थ पूर्ण शरणागती झालेली नाही. प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्याला पाण्याचा जोर कळत नाही. तो कळतो उलटे पोहू लागणाऱ्याला.

माझे एक प्रकरण

येथे मला ते जुने प्रकरण सांगितले पाहिजे. पौलाचा हा अध्याय मला टीकाग्रंथांतून कळला नाही, त्या प्रकरणातून कळला.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी बी.ए.च्या एका विद्यार्थ्याने मला एक निबंध लिहून दिला. तो इतका चांगला होता की मला खरा वाटेना. मी भर वर्गात विचारले, “कुठून उतरवलास?” तो काही बोलला नाही. मी त्याचे मौन कबुली समजले आणि अंतर्गत मूल्यमापनात त्याला जेमतेम गुण दिले. पुढे दोन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्याची वही माझ्या हाती आली. तिच्यात त्या निबंधाचे तीन कच्चे खर्डे होते, खाडाखोडीसकट. प्रत्येक परिच्छेद त्याने स्वतः घडवलेला होता.

मला त्याच क्षणी कळले की त्याची माफी मागायला हवी. मागावीशी वाटतही होती. पण मागितली नाही. आधी वाटले, परीक्षा होऊ दे. मग वाटले, तो विसरला असेल. मग तो पास होऊन गेला. दर वर्षी निबंध तपासायला बसले की मी ठरवत असे आणि दर वर्षी ते राहून जात असे. चूक एकदाच झाली होती, काही सेकंदांची. ती पुढे वर्षानुवर्षे जिवंत ठेवणारे जे काही माझ्या आत होते, त्याला कोणत्या वहीत मांडायचे? पापे अनेक आणि पाप एक, हा भेद मला तेथे कळला.

ऑगस्टीनची बाग

या भेदाला आत्मचरित्राचे रूप देणारा पहिला मोठा लेखक म्हणजे संत ऑगस्टीन. आजच्या अल्जीरियातल्या थागास्ते येथे ३५४ साली त्याचा जन्म झाला. इसवी सन ४०० च्या आसपास लिहिलेल्या ‘कबुलीजबाब’ या त्याच्या ग्रंथात वयाच्या सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीची हकिकत आहे. मित्रांबरोबर त्याने रात्री शेजारच्या झाडाचे नासपती चोरले. भूक नव्हती, आणि घरी याहून चांगली फळे होती. बरीचशी डुकरांपुढे टाकली. एवढ्या क्षुल्लक चोरीवर तो पानेच्या पाने लिहितो, कारण त्याला फळांचा हिशेब द्यायचा नाही. काही मिळवायचे नसताना केवळ मना केले आहे म्हणून हात पुढे का गेला, हे त्याला शोधायचे आहे.

३८६ साली मिलानमधल्या एका बागेत त्याची घालमेल टोकाला पोहोचली. संयमी आयुष्य हवे होते, पण आताच नको होते. मन हाताला आज्ञा देते तर हात हलतो. मन स्वतःलाच आज्ञा देते तर ऐकत नाही, हे कोडे त्याने तेथे मांडले आहे. मग पौलाच्या त्याच पत्रातले एक वाक्य वाचून त्याचा निर्णय झाला. पुढच्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला.

बहुतेक वाचक येथे पुस्तक मिटतात. पण ग्रंथ तेथे संपत नाही. दहाव्या भागात ऑगस्टीन बिशप झालेला आहे, आणि तरी स्वप्ने, चवीचा मोह, गाण्याचा मोह, कुतूहल आणि स्तुतीची हाव यांची तो बारकाईने झडती घेतो. धर्मांतराला दहा वर्षे उलटून गेली तरी झगडा चालूच आहे. त्याच ठिकाणी तो प्रार्थना करतो की देवाने हवी ती आज्ञा करावी, पण ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे.

या प्रार्थनेने पेलागियस नावाचा ब्रिटनकडचा एक कडक आचाराचा साधक अस्वस्थ झाला. त्याचे म्हणणे सरळ होते : देवाने आज्ञा दिली आहे त्या अर्थी ती पाळण्याची शक्ती माणसात आहेच. कृपेच्या नावाखाली आळशीपणाला सवलत देऊ नये. आपल्याकडच्या कोणत्याही शिक्षकाला हे पटेल. मीही विद्यार्थ्यांना हेच सांगते. पण ऑगस्टीनचे उत्तर असे की इच्छाशक्तीच जर वाकलेली असेल, तर तिला सरळ करायला तिचीच मदत कशी मागणार? ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची शिकवण नाकारली.

या वादात ऑगस्टीनचे एक मत बदलले, आणि ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. आधी तो समजत असे की सातव्या अध्यायातली तक्रार कृपा मिळण्यापूर्वीच्या माणसाची आहे. उतारवयात त्याने हे मत सोडले. ती कृपेखाली आलेल्या माणसाचीही, खुद्द पौलाचीही असू शकते, असे तो म्हणू लागला. सर्व ख्रिस्ती भाष्यकारांना हे वाचन मान्य नाही, पण पश्चिमेकडच्या ख्रिस्ती आत्मपरीक्षणावर त्याचाच ठसा खोल उमटला.

माकडीण, मांजर आणि दोन चर्च

कृपा समजावून सांगताना मी वर्गात दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांचे दोन न्याय वापरते. माकडिणीचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून बसते, तो मर्कटकिशोर न्याय. मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, तो मार्जारकिशोर न्याय. वडकलै पहिल्याकडे झुकतात, तेंकलै दुसऱ्याकडे. पेलागियसला तर माकडिणीचाही आधार नको, पिल्लाने स्वतःच चालावे. ऑगस्टीन मांजरीच्या जवळ जातो. अर्थात उपमा येथेच थांबवावी. मांजरीच्या पिल्लाला पश्चात्ताप नसतो. ऑगस्टीनचा माणूस आईच्या तोंडातही तळमळत असतो.

‘कृपा’ शब्दाचीही आपण झीज केली आहे. ‘आपल्या कृपेने सर्व क्षेम’ असे पत्रात लिहितो, ‘कृपया रांगेत उभे राहावे’ अशी पाटी लावतो. पौलाच्या ‘खारिस’ या शब्दाचा अर्थ असा गुळगुळीत नाही. चौथ्या अध्यायात तो मजुरी आणि देणगी यांत फरक करतो. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, तो त्याचा हक्क. ज्यावर हक्क नाही ते मिळणे म्हणजे कृपा. म्हणून कृपा मिळवता येत नाही, घेता येते. आणि कष्टाळू, स्वाभिमानी माणसाला फुकट घेणे हे मिळवण्यापेक्षा अवघड जाते.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने याच पत्रावरच्या व्याख्यानांतून हा विचार टोकाला नेला. श्रद्धावंत एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही, असे त्याचे सूत्र. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मसभेत १५४६ साली वेगळी मांडणी केली. बाप्तिस्म्यानंतरही माणसात पापाकडे ओढणारी वासना शिल्लक राहते, पण ती स्वतः पाप नव्हे. ती झगड्यासाठी उरलेली असते, आणि जो तिला होकार देत नाही त्याची ती हानी करू शकत नाही. मतभेद मोठा होता, चर्च दुभंगण्याइतका. पण झगडा शिल्लक राहतो हे दोघांनाही मान्य होते. १९९९ साली आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथेरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि माणूस स्वतःच्या गुणाने नव्हे, कृपेने स्वीकारला जातो हे एकत्र सांगितले.

आपल्या वाचकाने हा फरक ध्यानात ठेवावा, कारण मराठीतल्या ख्रिस्ती लेखनाचे दोन्ही प्रवाह आहेत. स्टीफन्स कॅथलिक. रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले, आणि अभंगाचाच घाट स्वीकारला. तुकोबांनी स्वतःला लावलेला दोष आणि विठ्ठलापुढे केलेली रदबदली ज्याने लहानपणापासून ऐकली आहे, त्याला पौलाची आरोळी ओळखीची वाटणारच.

दोन आक्षेप

विद्यार्थी यावर दोन आक्षेप घेतात, आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिला असा की ही पापाची भाषा माणसाला दडपून टाकते. गोव्यात हा आक्षेप हवेतला नाही. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, येथे इन्क्विझिशन होते. दुसऱ्याचे पाप शोधणे आणि त्याला शिक्षा देणे हे तिचे काम होते. ते विसरून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण म्हणूनच पौलाच्या सातव्या अध्यायातले सर्वनाम पाहावे. तो ‘तू’ म्हणत नाही, ‘ते’ म्हणत नाही, ‘मी’ म्हणतो. ऑगस्टीनही ‘मी’ म्हणतो. पापाची भाषा प्रथमपुरुषातून द्वितीयपुरुषात गेली की तिचे हत्यार होते. भर वर्गात “कुठून उतरवलास?” असे विचारणाऱ्या मला हे सांगण्याचा थोडाफार अधिकार आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. सगळे कृपेनेच होणार असेल तर माणसाने सुधारायचे कशाला? हा प्रश्न पौलाला आधीच ठाऊक होता. सहाव्या अध्यायात तो स्वतःच तो विचारतो आणि ठाम नकार देतो. विसाव्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहोफर याने १९३७ च्या आपल्या ग्रंथात ‘स्वस्त कृपा’ ही कल्पना मांडून पश्चात्तापाविना क्षमा वाटणाऱ्या चर्चवर टीका केली. नाझी राजवटीने १९४५ च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिली. कृपा फुकट असते, पण स्वस्त नसते, हे त्याने लिहून थांबवले नाही.

या दोन आक्षेपांच्या मधली वाट शुभवर्तमानांतल्या दोन शिष्यांत दिसते. यहूदाने गुरूला तीस नाण्यांना विकले. पेत्राने त्याच रात्री तीन वेळा सांगितले की मी त्याला ओळखत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे यहूदालाही पस्तावा झाला, त्याने नाणीही परत केली. पण पुढे तो एकटाच गेला आणि त्याने स्वतःचा निवाडा स्वतःच केला. पेत्र रडला आणि थांबला. नंतर योहानाच्या शुभवर्तमानात येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर तुझी प्रीती आहे का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटते. ज्या जिभेने तीनदा नाकारले तिलाच तीनदा कबूल करायची संधी मिळते. पस्तावा दोघांनाही झाला. एकाने स्वतःला क्षमा मिळू शकते हे मानले नाही, दुसऱ्याने ती घेतली.

रमाबाईंची आठ वर्षे

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळता येते. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो आधी बुद्धीने आणि करुणेने. लंडनमध्ये सिस्टरांनी चालवलेल्या आश्रमात त्यांनी पतित मानलेल्या स्त्रियांना मायेने वागवताना पाहिले. शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेला संवाद त्यांनी ऐकला. स्त्रीला असे वागवणारा धर्म त्यांना पटला. पण पटणे आणि विसावणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कडक व्रते, यात्रा, पुराणकथन यांत बालपण गेलेल्या, स्वतःच्या हिमतीवर जगलेल्या या स्त्रीने नव्या धर्मातही प्रयत्नांची शिकस्त केली असणार, असे मला त्यांचे निवेदन वाचताना वाटते. धर्म बदलला, पण तारण हे आपण गाठायचे एक दूरचे ठिकाण, ही कल्पना तशीच राहिली. १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले की ते ठिकाण गाठायचे नसून मिळालेले घ्यायचे आहे. ऑगस्टीन आणि पेलागियस यांचा वाद एका मराठी स्त्रीच्या मनात आठ वर्षे चालला, असेही म्हणता येईल.

यानंतर त्यांचे कष्ट थांबले नाहीत. १८९६ नंतरच्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना वाचवून आणले. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. ते संपूर्ण छापून झाले १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. काम तेवढेच राहिले, किंबहुना वाढले. पण मजुरीसाठी केलेले काम आणि देणगी मिळाल्यावर केलेले काम यांत फरक असतो, तो त्यांच्या पुढच्या आयुष्यात दिसतो.

हे मी त्या विद्यार्थिनीला पुढच्या तासाला सांगितले. तिने मान डोलावली. आपल्या आजीचे उदाहरण देऊन ती म्हणाली, “ती दर महिन्याला कुमसाराला जाते आणि तीच तीच पातकां सांगते. मी लहानपणी हसायची, की बदलत तर काही नाही. पण ती जायची थांबली नाही, हेच बदललेलं असेल.” माझ्या अख्ख्या व्याख्यानापेक्षा हे चांगले होते.

त्याच आठवड्यात मी त्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन नंबर मिळवला. तो आता स्वतः शिक्षक आहे. मी कसेबसे बोलले. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग कोकणीत म्हणाला की मॅडमना खरे कळले आहे हे त्याला त्याच वर्षी कळले होते, कारण मी त्याच्याकडे पाहायचे सोडले होते. “मी ते केव्हाच सोडून दिलं,” तो म्हणाला. मग हसून म्हणाला, “गुण मात्र तेवढेच राहिले.” म्हणजे क्षमा मला कित्येक वर्षांपूर्वीच मिळालेली होती. मी ती घ्यायला गेले नव्हते.

येथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. या वर्षी एका मुलीचा स्वाध्याय तपासताना एका सुंदर परिच्छेदावर माझी नजर थांबली, आणि मनात पहिला विचार आला तो हाच : हिने हे मोबाइलवरून घेतले असणार. सतरा-अठरा वर्षांनी, माफी मागून झाल्यावर, तोच बाण, तोच हात. फरक एवढाच पडला की मी तिला खोलीत एकटीला बोलावले आणि हे कसे सुचले ते सांग, असे म्हटले. ती अर्धा तास बोलत होती.